थोरपणाचा दावा

“कोंबडी खुडूक तर नाही ना?” गडाच्या पहिल्या दरवाजावरच्या देवडीवाल्यानं मला विचारलं.

“खुडूक असती तर तुझ्यासाठी एवढ्या लांबून काखेत घालून आणली असती का रे बाबा? घे आणि सोड आत.”

त्यानं कोंबडी उलटीपालटी करून पाहिली, तिच्या पायाला दोरी बांधली आणि आम्हाला वर जायची खूण केली. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्यामागं चार हात अंतर राखून उभ्या असलेल्या रायाजीला. रायाजीनं काही म्हणजे काही दिलं नव्हतं. माझ्याच कोंबडीवर तोही आत शिरला.

“लाज आहे का काही?” मी पायऱ्या चढता चढता म्हटलं. “दावा आमच्यावर लावायचा आणि आत शिरायचं आमच्याच कोंबडीवर?”

“दुसऱ्या दरवाजाला मी देतो,” तो पुटपुटला. त्याच्या खांद्यावर सुक्या मासळीचं गाठोडं होतं. पण दुसऱ्या दरवाजावरचा शिपाई निघाला माळकरी. गाठोडं सुटलं तसा तो नाक दाबून मागं सरकला आणि बोंब मारायला लागला. शेवटी तिथंही माझेच तीळ गेले. तिसऱ्या दरवाजाला मी पुढं होऊन सांगितलं, “बाबा, आता माझ्याकडं द्यायला ही जीभ तेवढी राहिलीय. हवी का?” तो हसला आणि सोडलं त्यानं.

हा रायाजी म्हणजे माझा दीर. सावत्र. आमचं घराणं भीमेच्या उतारावरच्या तारवांचं, नाव चालवणाऱ्यांचं. कुरणगावच्या घाटाला आमची नाव. येणाऱ्याजाणाऱ्याला पैलतीरी घालायचं आणि सुगीला दोन्ही काठच्या गावांनी आमच्या पदरात धान्य घालायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. नाव एक आणि काठ दोन, म्हणून आमच्या मामंजींनी बायकाही दोन केल्या. एक अलीकडं कुरणगावला, एक पलीकडं नांदुरात. संध्याकाळी नाव ज्या काठाला लागेल तिथं जेवायचं. मोठा सोयीचा माणूस होता.

तर एका पावसाळ्यात दोघींचेही दिवस भरत आले आणि नदीला असा पूर आला, की नाव घालायची सोयच उरली नाही. त्या पुरातच अलीकडं माझ्या सासूबाईंना माझे धनी झाले आणि पलीकडं धाकट्या सासूबाईंना रायाजी. पाणी ओसरलं तेव्हा दोन्ही काठांना एकेक पोरगं टाहो फोडत होतं. आधी कोण रडलं हे कुणाला ठाऊक? मामंजी होते तोवर कुणी विचारलंही नाही. माझे धनी सुकाणूवर बसले, रायाजी वल्ह्यावर बसला, आणि दोघं एकमेकांना नावानं हाका मारत, शिव्या देत, हसत नाव चालवत राहिले.

मग मामंजी गेले. पाठोपाठ धाकट्या सासूबाई गेल्या. त्यांचे दिवस झाले आणि रायाजी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. खाली मान घालून म्हणाला, “थोरला मी आहे. सुकाणू माझं.”

मला आधी थट्टाच वाटली. पण थट्टा नव्हती. थोरल्याचं सुकाणू, थोरल्याच्या नावानं वतन, पुढं ते थोरल्याच्याच पोरांना. धाकट्यानं जन्मभर वल्हं मारायचं आणि थोरला देईल ते घ्यायचं. माझ्या पदरात दोन मुलगे होते. मी काय गप्प बसणार? सासूबाई मला हजारदा सांगून गेल्या होत्या, की थोरला माझाच. मी कंबर कसली.

देशमुखांनी हुकूम काढला, निवाडा होईतो नाव जप्त. नाव ओढून काठावर घातली, तिला मातीची मोहोर लावली. ती ओढतानाच धन्यांचा पाय तिच्याखाली सापडला आणि मोडला. मग दोन्ही काठचं गोत बसायचं ठरलं, पंचांनी निवाडा द्यायचा ठरलं. पण निम्मे पंच नांदुरात आणि नांदुराहून यायला नाव नको का? नाव तर जप्त. देशमुखांकडं गेलो, म्हटलं, पंच यायचे तर नाव सोडा. ते म्हणाले, निवाडा झाल्याबिगर नाव कशी सोडू? आणि नाव सोडल्याबिगर निवाडा कसा होणार हे सांगायला गेलं की हाकलून देत. झालं! असं दोनतीनदा झाल्यावर त्यांनीच वैतागून दावा हुजुरात पाठवला. जा म्हणाले राजाच्या दारी.

धनी खाटेवर. मग त्यांच्या वतीनं निघाले मी. नाव जप्त झाल्यापासून रायाजीही अलीकडंच अडकलेला. वाट एकच, तारीख एकच, म्हणून वादी आणि प्रतिवादी एकाच रस्त्यानं चालत निघालो. लोकांनी हसून घेतलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लगेच ध्यानात आली. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून रायाजी मला वहिनी म्हणायचा. वहिनी, मीठ द्या. वहिनी, तुमच्या नवऱ्याला अक्कल शिकवा. अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशी हाक. दावा लावल्यापासून त्यानं तो शब्द टाकला होता. थोरला झाला ना! धाकट्या भावाच्या बायकोला कुणी वहिनी म्हणतं का? आता तो मला काहीच म्हणत नव्हता. अगदीच नड पडली तर “अहो, कुरणगाव!”

“कुरणगाव काय कुरणगाव?” मी म्हणायची. “गावाला हाक मारतोयस का मला?”

“ऐकलं ना तुम्ही? मग झालं.”

वाटेत मी नाना तऱ्हेनं प्रयत्न केला. एखाद्या धर्मशाळेत चारचौघांत त्याच्या तोंडून वहिनी निसटलं असतं तर साक्षीदार मिळाले असते ना मला! त्याच्या पुढ्यात गरम भाकरी धरायची आणि सोडायचीच नाही. “काय म्हणशील?” तो म्हणायचा, “भाकरी द्या म्हणीन.” पायात काटा मोडल्याचं सोंग केलं, तर “अहो, अहो” करत धावला, काटा शोधला, सापडला नाही तेव्हा माझ्याकडं असं बघितलं की मलाच हसू आलं. पक्का होता बेटा.

आणि गड चढून, कोंबडी आणि तीळ घालवून वर गेलो, तर सदर ओस. एक म्हातारा चिटणीस तेवढा भिंतीला टेकून पान लावत होता.

“न्यायाधीश स्वारीबरोबर गेले,” तो म्हणाला.

“कुठं?”

“स्वारी जिकडं गेली तिकडं.”

“आणि स्वारी कुठं गेली?”

“ते मला ठाऊक असतं तर मी इथं बसलो असतो का? मीही गेलो असतो.” त्यानं पान तोंडात घातलं आणि आमच्या हातांकडं बघितलं. रायाजीनं मासळीचं गाठोडं मागं लपवलं.

मग आम्ही स्वारीच्या मागं. राजाचा मुक्काम घाटाखाली पडलाय असं कळलं, तर तिथं जाईपर्यंत तळ उठलेला. नुसत्या चुली आणि घोड्यांची लीद. तिथून उत्तरेला गेलाय म्हणाले. उत्तरेला गेलो तर म्हणाले, अर्ध्या वाटेतून वळून पश्चिमेला. माझ्या हातातल्या चांदीच्या वाक्या एकेक करून जायला लागल्या. एक तंबूवाल्या जमादाराला, एक भेट घालून देतो म्हणणाऱ्याला, त्यानं कसली भेट घालून दिली, स्वतःच दिसेनासा झाला. रायाजीचं कानातलं गेलं, मग कांबळं गेलं. आधी आम्ही दोन चुली मांडत होतो. मग माझ्याकडं पीठ उरलं आणि त्याच्याकडं मासळी, तेव्हा एक मांडली.

“हे बघ,” मी म्हटलं, “एका चुलीवर रांधतोय म्हणून समेट झाला असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“दावा दाव्याच्या जागी.”

“मासळीत मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

“थोरले आहात ना? घ्या आपल्या हातानं.”

वाटेत भेटेल त्या कुरणगावच्या माणसाला मी एकच विचारायची, नाव कशी आहे? आणि एकच उत्तर यायचं. उन्हात पडून तिच्या फळ्या आकसताहेत, सांधे उघडताहेत. पाण्याची वस्तू पाण्याबाहेर किती टिकणार? आणखी एक उन्हाळा काठावर काढला तर जळणाखेरीज कशाला लागायची नाही. ते ऐकलं की रायाजी माझ्यापेक्षा भरभर चालायला लागायचा. त्या नावेच्या निम्म्या फळ्या त्यानं स्वतः घातल्या होत्या.

शेवटी न्यायाधीशांची गाठ पडली ती कुठं पडावी? त्याच गडावर! आम्ही मुलूख पालथा घालत होतो तोवर स्वारी दुसऱ्या वाटेनं माघारी येऊन बसली होती. पहिल्या दरवाजावर तोच देवडीवाला.

“या वेळी काय आणलंस?” त्यानं विचारलं.

“मागची कोंबडी पचली का आधी ते सांग,” मी म्हटलं, “मग पुढचं बोलू.”

सदरेवर गर्दी होती. न्यायाधीश बारीक चणीचे, पिकल्या भुवयांचे, डोळे मिटून ऐकणारे. त्यांच्याशेजारी तोच पानवाला चिटणीस.

“बाई, कुणाच्या वतीनं आलात?”

“घरधन्यांच्या. पाय मोडलाय त्यांचा.”

“नाव?”

मी पदर सावरत खाली बघितलं.

“बाई, नवऱ्याचं नाव काय?”

“काय विचारता सरकार? बाईमाणूस नवऱ्याचं नाव कसं घेईल?”

“नावाशिवाय दावा चालतो का?”

“मग असं करा. रात्रीचा जो रंग, त्याच्यापुढं जी लावा.”

चिटणीस विचारात पडला. “रातजी?”

सदर खदखदली. मागून रायाजीचा जड आवाज आला, “काळोजी. काळोजी सटवोजी तारू, कुरणगाव.”

न्यायाधीशांनी एक डोळा उघडला. “प्रतिवादीचं नाव वादी सांगतोय?”

“ती कसं घेईल सरकार?” रायाजी म्हणाला. “दिवस मावळला असता.”

मग विचारपूस सुरू झाली. तू थोरला कशावरून, असं त्याला विचारलं. म्हणाला, आईनं मरताना सांगितलं. तुमचा नवरा थोरला कशावरून, असं मला विचारलं. मी म्हटलं, सासूबाईंनी सांगितलं. सुइणी कुठं आहेत? दोघी केव्हाच देवाघरी गेल्या. बापानं कधी काही म्हटलं? बाप म्हणायचा, दोन्ही माझीच.

“म्हणजे जिनं तिनं आपलंच पोर थोरलं केलं,” न्यायाधीश म्हणाले. “साक्ष नाही, पुरावा नाही. मग राहिलं दिव्य.”

दिव्य म्हणजे काय हे मलाही ठाऊक होतं. कढत्या तेलात धातूचा रवा टाकायचा आणि उघड्या हातानं काढायचा. हात भाजला तर माणूस खोटा, न भाजला तर खरा.

“मी काढतो,” रायाजी पुढं आला. हात कोपरापर्यंत उघडाच होता त्याचा.

“तू नाही,” न्यायाधीश म्हणाले. “सुकाणू आजवर काळोजीच्या हाती आहे. ते त्याच्या हाती खरेपणानं होतं, हे त्याच्या बाजूनं दाखवायचं. बाई, नवऱ्याचा पाय बरा होईतो थांबता, का तुम्ही हात घालता?”

थांबायचं म्हणजे आणखी एक उन्हाळा. नावेच्या फळ्या माझ्या डोळ्यांपुढं आल्या. आणि मला कसली भीती? सासूबाई खोटं बोलायच्या नाहीत, मी खरी होते. भीती नव्हती असं तोंडानं म्हणतेय तेवढंच. तरी मी ताठ उभी राहिले.

“आणा कढई,” मी म्हटलं.

कढई तिथंच आणून मांडली. तेल तापायला लागलं, वरती धूर धरायला लागलं. त्यांनी माझ्या बांगड्या उतरवायला लावल्या, हात धुवायला लावला, नखं बघितली. रवा तेलात टाकला, चुर्र झालं. मी देवाचं नाव घेतलं आणि हात पुढं केला.

“वहिनी, नको!”

एवढ्या मोठ्यानं ओरडला, की घाटावर ओरडला असता तर नांदुराला ऐकू गेलं असतं. आणि नुसता ओरडला नाही, पुढं येऊन माझं मनगट धरून मागं ओढलं. शिपायांनी त्याला धरला.

न्यायाधीशांचे दोन्ही डोळे उघडले. “काय म्हणालास?”

रायाजीनं मान खाली घातली.

“पुन्हा म्हण. सदरेला ऐकू जाऊ दे.”

“वहिनी,” तो म्हणाला.

“तुमच्यात धाकट्या भावाच्या बायकोला काय म्हणतात?”

“नावानं हाक मारतात सरकार.”

“मग हिला?”

“वहिनीच म्हणतो. पहिल्यापासून.”

“संपलं,” न्यायाधीश म्हणाले. “तुझ्याच तोंडानं तू तिच्या नवऱ्याला थोरला केलास. दिव्याची गरज नाही. सुकाणू काळोजीचं, नाव सोडावी.”

मला नाचावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू? तिथंच फुगडी घातली असती. पण चिटणीसानं पान बाजूला ठेवलं आणि हात पुढं केला. म्हणाला, जिंकलात म्हणून हरकी द्या. मी म्हटलं, हरकी म्हणजे? म्हणाला, जिंकल्याच्या आनंदाबद्दल सरकारात भरायचं. मग त्याच हातानं रायाजीकडं वळला. हरलास म्हणून गुन्हेगारी, म्हणजे दंड, दे.

“सरकार,” मी म्हटलं, “जिंकलं तरी द्यायचं आणि हरलं तरी द्यायचं, तर एवढं मुलूखभर पळवलंत कशाला? पहिल्याच दिवशी घेऊन टाकायचं होतं.”

न्यायाधीश गालातल्या गालात हसले. पण सोडलं काही नाही. माझी शेवटची वाकी गेली, रायाजीच्या मनगटातलं कडं गेलं. बाहेर पडताना आम्ही दोघंही अंगानं इतके मोकळे होतो, की वाटेत चोर भेटला असता तर त्यानंच आम्हाला काहीतरी दिलं असतं.

परतीच्या वाटेवर मी नुसती उधळले होते. दिवसभर त्याला टोचत होते. “जिभेनं दगा दिला ना? एवढा जपून ठेवलेला शब्द, नेमका सदरेवर पडला! अगं बाई, किती किती जपलं होतं!”

तो नुसता चालत होता. दुपारी एका विहिरीपाशी चिंचेखाली बसलो. त्यानं पाणी काढलं, आधी मला दिलं.

“निसटला नाही तो शब्द,” तो म्हणाला.

“बरं बरं. आता असंच म्हणायचं.”

“तुमचा हात भाजला असता वहिनी.”

“माझा का भाजेल? मी खरी होते.”

“भाजला असता,” तो म्हणाला. “थोरला मी आहे.”

मी तोंडाकडं नेलेली ओंजळ तशीच खाली आणली. मग तो सांगायला लागला. पुरात मामंजी अलीकडच्या काठाला अडकले होते, आमच्या घरी. पाणी उतरल्यावर नाव घालून नांदुराला गेले. अलीकडं माझ्या धन्यांची नाळ अजून ओली होती, लोंबत होती. पलीकडं जाऊन बघतात तर रायाजीची नाळ सुकून केव्हाच पडलेली, बेंबी भरत आलेली. दोन लेकरं, दोन बेंब्या, मामंजींनी आपल्या डोळ्यांनी बघितलं. मग धाकटीला म्हणाले, थोरल्या घरचं पोर थोरलं राहू दे, हे तुझ्यामाझ्यात. ती राहिली गप्प जन्मभर. मरताना मात्र लेकाला जवळ घेतलं आणि सांगितलं. राजाच्या दारापर्यंत जाईन असा शब्द घेतला त्याच्याकडून.

तीन लेकरं झाली होती मला, एक गेलं. नाळ कधी पडते हे मला कुणी शिकवायला नको होतं. तो खरं बोलत होता.

“हे सदरेवर का नाही सांगितलंस?”

“आईचं बाळंतपण काय सदरेवर मांडायचं?”

“अरे पण मग माझा हात भाजू द्यायचा होतास! जिंकला असतास की!”

“जिंकून?” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. “जिंकलो असतो तर मी तुमचा थोरला दीर. मी अंगणात आलो की तुम्ही डोकीवरून पदर ओढून आत जायचं. माझ्यापुढं तोंड उघडायचं नाही, बसायचं नाही, हाक मारायची नाही. असंच ना? आई गेली वहिनी. बाबा गेले. माझी बायको ठकू गरीब आहे, माझ्यापुढं बोलत नाही. मला शिव्या देणारं आता तुमच्याखेरीज कोण राहिलंय? वाटभर हाच विचार करत होतो. आईला शब्द दिला होता राजाच्या दारापर्यंत जायचा. गेलो. पुढचं मी नव्हतं कबूल केलं.”

मला भडाभडा रडू आलं. ज्याला वाटभर टोचत आले तो माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ होता. माझे दीर होते ते, मोठे दीर. मी उठले, डोकीवरून पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला आणि चार पावलं मागं जाऊन उभी राहिले.

“हे काय?” तो म्हणाला.

मी बोलले नाही.

“वहिनी! हेच नको म्हणून तर...”

मी बोलले नाही. तो चालायला लागला, मी मागून. तो थांबला की मी थांबायची. सगळ्या वाटेनं त्यानं माझी विनवणी केली. मुद्दाम भाकरी करपवली आणि कशी झाली म्हणून विचारलं. मुद्दाम चुकीची वाट धरली. माझ्या माहेराला नावं ठेवली, तेव्हा मात्र ओठ चावून धरावे लागले मला. पण त्याचा मान होता तो. जगात कुणी देणार नव्हतं, मी तरी दिला.

तसेच आम्ही कुरणगावच्या घाटावर आलो. नाव काठावर पडली होती, सांध्यांतून पलीकडचं पाणी दिसत होतं. शेजारी मांडवाखाली खाटेवर धनी. आम्हाला बघून काठीवर रेलून उठले. रायाजी पुढं आणि त्याच्यामागं मी, पदर हनुवटीपर्यंत, तोंड बंद. धन्यांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, पुन्हा माझ्या पदराकडं बघितलं. लग्न झाल्यापासून रायाजीपुढं मी असा पदर घेतलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि मला कळलं, की माझ्या पदरानं त्यांना काय सांगितलं ते. मी बोलायला तोंड उघडणार, तोवर ते लंगडत पुढं झाले होते.

“बरं झालं,” ते म्हणाले. “पडून पडून एकच विचार करत होतो. कुणाच्या का हाती असेना, नाव पाण्यात जाऊ दे. ये दादा, सुकाणू घे.”

आणि खाली वाकून रायाजीच्या पायांना हात लावायला लागले.

रायाजीनं त्यांना दोन्ही दंडांना धरून वर ओढलं. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “अरे, दादा कुणाला म्हणतोस? वहिनीनं जिंकलंय. सुकाणू तुझंच. दादा तू!”

“चेष्टा करू नकोस. हिनं पदर घेतलाय तुझ्यापुढं.”

“तिला वेड लागलंय! दादा तू आहेस, राजाच्या सदरेवर ठरलंय!”

“असं कसं होईल? तूच दादा!”

“तू!”

जन्मभर एकमेकांना नावानं हाका मारणारे ते दोन बाप्ये, एकाला काठी, दुसऱ्याला धड कांबळं नाही, उन्हात उभे राहून एकमेकांना दादा म्हणत भांडत होते. पलीकडच्या काठाला नांदूरची माणसं जमली होती. मला पुढं राहवेना. पदर सारला मागं आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

“भावजी,” मी म्हटलं, आणि ती धाकट्या दिराची हाक ऐकून रायाजीचा चेहरा असा फुलला, की काय सांगू! “भावजी, पुरे झालं. आणि तुम्हीही पुरे करा. दोघंही थोरले झालात, तर आता वल्हं काय मी मारू?”